इंजिन ऑइलमध्ये झिंक किती लागतं? बुलेटचं उत्तर वेगळं, डिझेलचं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात १९८९ सालची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आहे आणि शेजारी नवी बीएस-६ डिझेल एसयूव्ही. बुलेटचं टायमिंग कव्हर खोललं तेव्हा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा, घासलेला निघाला. मिस्त्री म्हणाला, "आताच्या ऑइलात कंपन्यांनी झिंकच ठेवलं नाही," आणि नवा कॅम आणि त्यावर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा टॅपेट बसवून ऑइल भरताना २५० मिलीची 'अँटी-वेअर' बाटली अख्खी ओतली. आता विचारणा अशी की झिंक नेमकं किती लागतं, आणि तसलीच बाटली डिझेल गाडीत टाकली तर चालेल का.

डिझेल गाडीत टाकू नका. बुलेटला झिंक लागतं हे मिस्त्रीचं म्हणणं बरोबर आहे. आताच्या ऑइलात ते नाही, हे मात्र अर्धवट खरं. आणि त्यातलं जे खरं आहे ते आपल्याकडं बुलेटमध्ये जाणाऱ्या २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला लागू होत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं बांधताना हा विषय आठवड्यातून एकदा तरी चहावर निघतोच, म्हणून एकदाच नीट लिहितो.

ज्याला आपण सगळे झिंक म्हणतो ते झेडडीडीपी, म्हणजे झिंक डायअल्काइल डायथायोफॉस्फेट. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचा एक रेणू. तो ऑइलात आला १९४० च्या दशकात, आणि आला तो कॅमसाठी नाहीच. त्या वेळच्या तांबं-शिसं बेरिंगमधलं शिसं तापलेल्या ऑइलातल्या आम्लानं खाल्लं जायचं. झेडडीडीपी ऑइलला सडू देत नव्हतं, म्हणून बेरिंग वाचायचं. कॅम-टॅपेटची झीजही त्यानं कमी होते हे नंतर कळलं. आजही ते ही दोन्ही कामं एकदमच करतं, आणि बाटली ओतणारे पहिलं काम हमखास विसरतात. गोकुळ शिरगावात बेरिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुणाला विचारा, आम्लानं खाल्लेलं बेरिंग आणि घासलेलं बेरिंग तो नुसत्या नजरेनं वेगळं काढून दाखवील.

झीज थांबते ती अशी. क्रँकच्या बेरिंगमध्ये शाफ्ट ऑइलवर तरंगतो, धातूला धातू लागत नाही. तिथं झेडडीडीपीला झीज रोखण्याचं काम फारसं नसतंच. कॅमचं टोक टॅपेटवरून सरकतं तिथं मात्र दाब इतका की ऑइलचा थर पिळून निघतो. त्या घासणीच्या उष्णतेनं आणि दाबानं झेडडीडीपीचा रेणू फुटतो आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सातशेवा हिस्सा. पुढची घासणी हा थर खाते, लोखंड खात नाही. आणि खाल्लेल्या जागी नवा थर बसत राहतो. ऑइलात साठा पाहिजे तो एवढ्यासाठी.

आता ध्यानात घ्या, हा थर एका जाडीपुढं वाढत नाही. ऑइलात दुप्पट झिंक घातलं म्हणून थर दुप्पट होत नाही. गुऱ्हाळात काहिलीत भेंडी घालतात ती मळी वर येण्यापुरती. पोतंभर घातली म्हणून गूळ जास्त पिवळा होत नाही, तसंच हे. शिवाय पृष्ठभागावर जागा मिळवायला झेडडीडीपी एकटं नसतं. कॅल्शियमचं डिटर्जंट, काजळी सुटी ठेवणारं डिस्पर्संट, घर्षण कमी करणारी द्रव्यं, सगळी त्याच लोखंडाला चिकटायला धावतात. ऑइल बनवणारा हा तोल इंजिनावर चाचण्या घेऊन बसवतो. वरून एकच द्रव्य ओतलं की तो तोल कुणी तपासलेला राहत नाही.

आता आकडे. निकषांमध्ये मर्यादा फॉस्फरसवर असते, झिंकवर नाही. झिंकचा आकडा फॉस्फरसच्या जेमतेम १.१ पट धरा. फॉस्फरसवर बंधन का, तर पेट्रोल गाडीत थोडं ऑइल जळतं, त्याच्या वाफेतून फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतो आणि त्याला हळूहळू आंधळा करतो. म्हणून १९९० च्या दशकात आधी ०.१२ टक्के, मग ०.१० टक्के अशी कमाल मर्यादा आली आणि २००४ मध्ये एपीआय एसएम आणि आयएलसॅक जीएफ-४ या ऑइलच्या निकषांसोबत ती ०.०८ टक्क्यावर, म्हणजे ८०० पीपीएमवर (दहा लाखांत आठशे भाग) आली. त्याच वेळी खालची मर्यादाही घातली, ०.०६ टक्के. त्यानंतरच्या एसएन आणि एसपी निकषांमध्येही हेच आकडे चालू आहेत.

"झिंक काढून टाकलं" ही ओरड इथून सुरू झाली, तीही अमेरिकेत, जुन्या व्ही-८ इंजिनांच्या शौकिनांकडून. आपल्या मिस्त्र्यांनी ती मोबाइलवर ऐकली आणि जशीच्या तशी उद्यमनगरात आणली. पण ०.०८ ची कमाल मर्यादा सगळ्या ऑइलांना नाही. ती फक्त पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना आहे: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. १०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० यांच्यावर एपीआय एसएन किंवा एसपी छापलेलं असलं तरी ही वरची मर्यादा त्यांना नाही. म्हणजे बुलेटमध्ये ज्या डब्यातलं ऑइल जातं तो डबा या बंधनाबाहेरच आहे.

दुचाकीच्या ऑइलाला तर दुसरंच संरक्षण आहे. डब्यावर जेएएसओ एमए, एमए२ किंवा एमबी असं छापलेलं असेल तर त्या जपानी निकषाप्रमाणं फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्याच्या मध्येच असला पाहिजे, मग ग्रेड १०डब्ल्यू-३० का असेना. आठशे ते बाराशे पीपीएम. दुचाकीच्या डब्यात झिंक नाही म्हणणाऱ्यानं डब्याची मागची बाजू वाचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ०.०८ वाली ऑइलंसुद्धा अगदीच दुबळी नाहीत. कॅमची झीज मोजायला सीक्वेन्स फोर-ए नावाची चाचणी होती, निसानचं २.४ लिटरचं, सरकत्या फॉलोअरचं इंजिन १०० तास चालवायचं आणि कॅम मोजायचा. रोलर नाही, सरळ घासणी. ज्या काळात फॉस्फरस ०.१० वरून ०.०८ वर उतरला त्याच काळात या चाचणीत चालणारी सरासरी झीज १२० मायक्रॉनवरून ९० वर आणली. झिंक कमी आणि अट कडक, दोन्ही एकदम, आणि ऑइलं पास झाली. कारण झेडडीडीपीचेही प्रकार आहेत. लवकर फुटणारा सेकंडरी प्रकार कमी प्रमाणातही पटकन थर बांधतो. उष्णता जास्त सोसणारा प्रायमरी प्रकार डिझेलला मानवतो. नुसता पीपीएमचा आकडा बघून दोन ऑइलांची तुलना करणारा माणूस हे धरतच नाही.

मग लागतं किती? मी ते इंजिनावरून ठरवतो. रोलर रॉकर असलेल्या इंजिनात कॅम घासत नाही, लोळतो. तिथं ६०० ते ८०० पीपीएम फॉस्फरस भरपूर झाला. बकेट टॅपेटवाल्या आजच्या पेट्रोल कारला कंपनीनं सांगितलेलं ऑइल घाला आणि विषय सोडा. सपाट टॅपेटची जुनी इंजिनं, म्हणजे तुमची बुलेट, ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, यांना हजार ते बाराशे असावा असं माझं मत. स्प्रिंगा कंपनीच्याच असतील तर आठशेवरही ही इंजिनं चालतात, पण आपल्याकडची धूळ आणि लांबलेली ऑइल बदली धरून थोडी शिल्लक असलेली बरी. कडक स्प्रिंगा घातलेलं रेसिंगचं इंजिन असेल तर तेराशे-चौदाशेपर्यंत जाता येतं. त्यापुढं मी कुणालाही नेत नाही.

त्याचं कारण आहे. जनरल मोटर्सच्या ऑइल विभागातल्या लोकांनी हे स्पष्ट लिहून ठेवलंय: फॉस्फरस वाढवला तर नव्या कॅमला सुरुवातीचे ओरखडे कमी पडतात, पण ०.१४ टक्क्याच्या पुढं गेलं की दीर्घकाळची झीज उलट वाढते, आणि ०.२० च्या आसपास तो लोखंडाच्या कणांमधल्या सांध्यांवरच हल्ला करतो. मग कॅमचे टवके निघतात. टवके उडालेला कॅम बघून आपला मिस्त्री म्हणणार, झिंक कमी पडलं, आणि पुढच्या वेळी दोन बाटल्या!

तुमच्या बाटलीचा हिशेब करू. शुद्ध झेडडीडीपीमध्ये फॉस्फरस साधारण ८ टक्के असतो. बाटलीवर ताकद लिहिलेली नसतेच, म्हणून १० टक्के झेडडीडीपी आणि बाकी साधं ऑइल असं धरू. २५० मिली म्हणजे अंदाजे २२५ ग्रॅम, त्यात झेडडीडीपी साडेबावीस ग्रॅम, म्हणजे फॉस्फरस १.८ ग्रॅम. बुलेटमध्ये ऑइल बसतं सव्वादोन लिटरच्या आत-बाहेर, वजनानं १.९ किलो समजा. डब्यातल्या ऑइलात आधीचेच हजार पीपीएम धरले तर बाटलीनंतर आकडा जातो सतराशेच्या पुढं. चार लिटर ऑइलच्या कारसाठी बनवलेली बाटली दोन लिटर ऑइलच्या इंजिनात रिकामी केली की असं होतं. बाटलीची ताकद १५ टक्के असली तर एकवीसशेही ओलांडतो. खरोखर दोनशे पीपीएम वाढवायचे असते तर या इंजिनाला शुद्ध झेडडीडीपी पाच ग्रॅमही लागलं नसतं. एक चहाचा चमचा.

तुमच्या बुलेटमधलं ते ऑइल काढून टाका असं मी म्हणेन, पण घाबरून आज रात्रीच नको. नवा कॅम बसवलाय, तर पहिले ४००-५०० किलोमीटर तसेही रनिंगचे आहेत; त्या काळात जास्त फॉस्फरसनं नुकसान कमी, फायदा थोडा आहेच. मग गरम असताना ऑइल गाळा, फेल्टचा फिल्टर बदला, नवं भरा, बाटली नको. झिंक जास्त घालण्याचा एकमेव प्रसंग मला मान्य आहे तो हाच: नवा किंवा ग्राइंड केलेला सपाट टॅपेटचा कॅम, पहिलं ऑइल. तिथंही बाटलीपेक्षा कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) आणि टॅपेटच्या तळावर लावलेली मॉलिब्डेनम पेस्ट जास्त काम करते. कारचं किंवा जीपचं इंजिन असेल तर सुरू होताक्षणी आयडलवर सोडायचं नाही. १५०० ते २५०० आरपीएमच्या मध्ये खालीवर करत वीसेक मिनिटं चालवायचं, म्हणजे कॅमवर ऑइल उडत राहतं आणि तळ बसतो. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. इंजिन सुरू झालं की सगळे खूश, नारळ फोडतात, पेढे येतात, आणि ते बिचारं अर्धा तास आयडलवर टकटकत असतं.

मग जुना कॅम का घासला होता? मी ते इंजिन बघितलेलं नाही, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या घासलेल्या कॅममध्ये ऑइलातलं झिंक कमी पडल्याचा संशय घ्यावा असं फार क्वचित निघतं. बहुतेक वेळा दोष धातूत असतो. कॅमचा वरचा थर चिल्ड किंवा हार्ड केलेला असतो. घासलेला लोब वेल्डिंगनं भरून, ग्राइंड करून परत बसवला की आकार मिळतो, कडकपणा मिळेलच असं नाही. तिकडं सोलापुरातून जगभरच्या कंपन्यांना कॅमशाफ्ट जातात आणि आपण इथं भरलेला कॅम बसवून ऑइलाला शिव्या घालतो. टॅपेटचंही तेच. बारीक फाइल घ्या आणि टॅपेटच्या कडेला, घासणीची जागा सोडून, हलकेच ओढा. फाइल काचेवरून घसरल्यासारखी सटकली तर ठीक. दाताला धातू लागला, चकाकती रेघ उठली, तर तो टॅपेट मऊ आहे. त्याला दोन हजार पीपीएममध्ये बुडवून ठेवलं तरी तो टिकणार नाही.

कारच्या गोल सपाट टॅपेटमध्ये अजून एक गोष्ट बघतो. त्याचा तळ डोळ्याला सपाट दिसतो पण अगदी किंचित फुगीर असतो, आणि लोबला बारीक उतार असतो. त्यामुळं टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि घासणी एका रेषेवर येत नाही. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरा. कडेनं उजेडाची फट दिसली आणि ते जरासे डुलले तर फुगवटा शिल्लक आहे. चिकटून बसले तर तो तळ संपला. जुना टॅपेट नव्या कॅमवर बसवू नका, हे सांगून सांगून तोंड दुखलं, पण चारशे रुपये वाचवायचा मोह सुटत नाही लोकांचा.

बाकीची कारणं झटपट: ऑइल वेळेवर न बदलणं, एअर फिल्टरमधून धूळ जाणं, ऑइल पंप थकलेला असणं, सकाळी किक मारून लगेच थ्रॉटल पिळणं. यातल्या एकाचंही औषध बाटलीत नाही.

बुलेटला घालायचं काय? २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५०, जेएएसओ एमए२ छापलेलं. खरं तर तुमच्या जुन्या बुलेटचा क्लच वेगळ्या चेनकेसमध्ये आहे, गिअरबॉक्सही वेगळा. इंजिनाचं ऑइल क्लचला लागतच नाही, म्हणून क्लच सरकण्याची भीती नाही. पण एमए२ च्या शिक्क्यानं फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ च्या आत असल्याची खात्री मिळते, तीही फुकटात. आपल्याकडं बरेच जण ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ (हा एपीआयचा डिझेल ऑइलचा निकष) बुलेटमध्ये घालतात. नाक मुरडायचं कारण नाही. त्यात फॉस्फरस साधारण अकराशे ते तेराशे असतो आणि कार्ब्युरेटरच्या बिनकन्व्हर्टरच्या जुन्या इंजिनाला ते चालतं. फक्त भर उन्हाळ्यात गरम इंजिनाला चाळीसपेक्षा पन्नास बरं. आणि ज्या गाडीत क्लच इंजिनाच्याच ऑइलात भिजतो, स्प्लेंडर असो की नवी बुलेट, तिथं असला प्रयोग नको.

ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर ऊसतोडीच्या हंगामात विचारलं जातं तेही सांगून टाकतो. दोन ट्रॉल्या मागं लावून कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर उभ्या असलेल्या डिझेलमध्ये काजळी ऑइलात उतरते. ही काजळी झेडडीडीपीनं बांधलेला थर खरवडून काढते. तिथंही इलाज जास्त झिंक हा नाही. काजळी सुटी ठेवणारं चांगलं सीआय-४ ऑइल घ्या आणि हंगामात बदली मीटरच्या तासांवर करा. ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. बोटावर घेतल्यावर ते चिखलासारखं घट्ट लागायला लागलं तर मात्र उशीर झालाय.

आता डिझेल एसयूव्ही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि त्याच्याजवळ डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो. मॅन्युअलमध्ये एसीईए सी२ किंवा सी३ असा युरोपीय ऑइल निकष लिहिलेला सापडेल. सी३ मध्ये फॉस्फरस ०.०७ ते ०.०९ टक्के, एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायचा असतो, आणि राख कमाल ०.८ टक्के. पाच लिटर ऑइलच्या इंजिनात तीच बाटली ओतली, तर आठशे पीपीएमचे साडेअकराशे होतात. पट्टा मोडला. डीपीएफमध्ये साचणाऱ्या राखेत मोठा वाटा कॅल्शियम डिटर्जंटचा असतो, झिंकचा कमी, हे खरं आहे. पण फॉस्फरस कॅटॅलिस्टवर बसतो तो उतरत नाही. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे डीपीएफ तापवून साफ होताना, जळून जाते, राख आणि फॉस्फरस नाही. डीपीएफ आणि कॅटॅलिस्टच्या किमतीत तुमच्या बुलेटचं इंजिन पुन्हा बांधून होईल आणि वर पैसे उरतील. शिवाय वॉरंटीत गाडी असेल आणि ऑइलचा नमुना तपासला गेला, तर जास्तीचं झिंक रिपोर्टात सरळ दिसतं.

रिपोर्टावरून आठवलं. ऑइल तपासून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण वाचायचं कसं ते बघा. प्रयोगशाळा जळत्या नमुन्यातून मूलद्रव्यं मोजते: झिंक, फॉस्फरस, कॅल्शियम, लोखंड, तांबं, शिसं, सिलिकॉन. वापरलेल्या ऑइलात झिंक नव्याइतकंच दिसलं म्हणजे झेडडीडीपी शिल्लक आहे असं नाही. रेणू फुटून काम संपलेलं झिंकही त्याच आकड्यात मोजलं जातं. मी आधी लोखंड बघतो आणि सिलिकॉन बघतो. दोन्ही बरोबर चढले तर धूळ जातेय, एअर फिल्टर आणि त्याचा रबरी पाइप तपासा. शिसं-तांबं चढलं तर बेरिंग. एकटं लोखंड चढलं तर कॅम, बोअर किंवा रिंग. एका रिपोर्टावरून काही ठरवू नका, रनिंगच्या ऑइलात तर लोखंड जास्त येणारच. नमुना ऑइल गरम असताना, धार सुरू झाल्यावर मधली धरायची. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. बुलेटचं हे ऑइल काढाल तेव्हा एक नमुना ठेवा, पुढच्या दोन बदलींना एकेक घ्या, तिन्ही वेळा किलोमीटर लिहून. तिसऱ्या वेळीही लोखंड हजार किलोमीटरमागं वाढतच चाललं असेल, तर टायमिंग कव्हर खोला आणि टॅपेटवर फाइल लावून बघा.